कानाला काम दे

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप सुनेने मोबाइलवर वाचून दाखवला. मग अक्षरं मोठी करून घेऊन मी स्वतः वाचला. मजकुरापेक्षा त्याखालची वेळ मला जास्त बोलली. पहाटेचे पावणेचार. हे उत्तर कागदावर लिहितोय, सून फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, तिला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

तू लिहितेस, हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर झोप येत नाही म्हणून कानात समुद्राच्या लाटा लावून पडतेस. आठ तासांच्या लाटा. मे महिन्यात आलीस तेव्हा गावचे आवाज मोबाइलमध्ये भरून नेलेस, तेही ऐकतेस. सुरुवातीला रडू यायचं आणि रडून बरं वाटायचं. आता नुसती तगमग होते. आणि शेवटी विचारतेस, ‘तात्या, माझ्यातच काही बिघडलंय का?’

काही बिघडलेलं नाही. उगाच स्वतःला आजारी ठरवू नकोस. तुझा कान रिकामा बसलाय, एवढंच. कानाला काम दे.

माझ्यापुरतं उत्तर इथे संपलं. पण तू एवढ्यावर ऐकायची नाहीस, आजोबांच्या वळणावर गेलेली आहेस. म्हणून पुढचं लिहितो.

आधी त्या आठ तासांच्या लाटा. नातवाला सांगून मीही त्या लावून घेतल्या. लाट चांगली आहे, तक्रार नाही. पण थोड्या वेळाने तीच लाट परत आली. तेच फुटणं, तोच फेस, आणि परतताना एक खडा घरंगळावा तसा तोच एक आवाज. मग मला दुसरं काही ऐकूच येईना, मी त्या खड्याची वाट बघत बसलो. त्या समुद्राला भरती नाही, ओहोटी नाही, अमावस्या नाही, आषाढ नाही. कुठल्या गावचा समुद्र कोण जाणे. कानाने त्यात करायचं काय? नुसतं पडून राहायचं. आणि रिकाम्या कानात काय काय शिरतं ते तू अनुभवतेच आहेस. ऑफिसातलं बोलणं, कुणाचा टोमणा, घराचा हप्ता.

आपला समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तासाने उशिरा येतो. तुझ्या आजोबांना भरती घड्याळाशिवाय सांगता यायची. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. पुनवेला, अवसेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीची भांगाची भरती, तिला जोर नसतो. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचं. हे गणित तुला येत नाही यात तुझा दोष नाही, शाळेत पाऊणकी शिकवायची बंद झाली. पण आता तरी शीक आणि घरी येशील तेव्हा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐक. पाणी भरलेलं असलं की लाट पुळणीच्या वरच्या अंगाला येऊन आपटते. एक धबका, मग वाळू ओढत नेल्याचा आवाज, मग जरा गप्प, मग दुसरा धबका. पाणी उतरलेलं असलं की धबके वेगळे काढता येत नाहीत, लांबवर एक सलग गाज असते. आधी कानाने ठरव भरती कुठवर आली आहे, मग तिथी मोजून बघ. चुकशील. दुसऱ्या रात्री कमी चुकशील.

शांत व्हायचं म्हणून ऐकत पडलीस की होत नाहीस. भरती कुठवर आली ते ऐकायला लागलीस की झोप कधी लागली ते कळत नाही. मी उभा जन्म असाच झोपलोय.

आणि तू नेलेला ‘समुद्र’ मी ऐकला आहे, मे महिन्यात तूच मोठ्या कौतुकाने ऐकवला होतास. तो समुद्र नव्हे. ती सुरूची झाडं आहेत. सुरूच्या बनात वारा शिरला की त्या बारीक काड्यांतून अगदी गाजेसारखा आवाज निघतो, पाहुणे नेहमी फसतात. तू पाहुणी नव्हेस म्हणून वाईट वाटलं. ओळखायचं कसं? वारा पडेपर्यंत थांबायचं. वारा पडला की सुरू गप्प होतो, गाज राहते. तेव्हा मी बोललो नाही, कारण तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि आई समोर बसली होती. आता सांगतो. जो आवाज कशाचा आहे हे ठाऊक नाही त्याच्यासाठी रडायचं असेल तर रड, पण त्याला गावची आठवण म्हणू नकोस.

रागावलीस? रागाव. तेवढी झोप येईल.

लाटेत आवाज कशाचा असतो माहीत आहे का? नुसत्या पाण्याचा नसतो. लाट फुटताना हवा पाण्यात कोंडली जाते, तिचे बुडबुडे होतात आणि ते कंप पावतात. मोठा बुडबुडा खर्जात बोलतो, लहान वरच्या सुरात. लाखो बुडबुडे एकदम बोलतात म्हणून गाज. हे मला तुझ्याच वयाच्या एका प्राध्यापक मुलाने सांगितलं, हार्मोनियमची पेटी माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला होता. ते ऐकल्यापासून लाट फुटताना खालचा सूर आधी येतो की वरचा, हे ऐकायचा मला नाद लागला आहे. या वयात कानाला नवीन काम मिळालं. त्या मुलाकडून मी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत.

आता रहाट. तू नेलेल्या आवाजांत तुझा सगळ्यात लाडका तोच ना? त्या हॉटेलच्या आवारातला. मी बघून आलोय तो. लाकूडकाम सुरेख केलंय, त्यात वाद नाही. पण त्याला विजेची मोटर आहे आणि लोट्यांतून पाणी येतं ते फिरून त्याच विहिरीत जातं. एक माड भिजत नाही, एक पोफळ भिजत नाही. फोटो काढणारे आले की बटण दाबतात.

आमचा रहाट रेडा फिरवायचा. लोटा वर आला की पन्हळीत ओतायचा, पन्हळीतून डोणीत, डोणीतून पाटाने वाडीत, आळ्याआळ्यातून. दांड्याची कुरकुर, दात्यात दाता बसल्याचा ठोका, आणि लोट्यामागून लोटा रिकामा होतानाचा भळकन आवाज. आजोबा पडवीत त्या आवाजात गाढ झोपायचे. आणि कुरकुर थांबली की ताडकन उठून बसायचे. रेडा उभा राहिला, की माळ तुटली, की गडी विडी ओढत बसला? आवाजाने झोपवलं आणि आवाज थांबल्याने जागं केलं, कारण झोपेतही कान कामावर होता. चालू आहे, चालू आहे, वाडीला पाणी मिळतंय, एवढं तो ऐकत होता. आजोबांच्या त्या झोपेतली शांती तुला हवी आहे आणि तू घेऊन गेलीस नुसती कुरकुर.

आणि तो रहाट आम्ही काढून टाकला. पंप बसवला. तुझ्यासारखी येणारी प्रत्येक जण माझ्याकडे बघून हळहळते, ‘अय्या, काढून टाकलात?’ हो, काढला. मीच पुढे होऊन काढला आणि आज वेळ आली तरी काढीन. ऐन वैशाखात रेडा मेला त्या साली वडिलांनी विहिरीवर पायरहाट बसवला होता. माणसाने वर बसायचं आणि पायाने ढकलत राहायचं. त्यांच्या तळपायांच्या भेगांत मी रात्री कोकमाचं तेल भरायचो. त्या पायरहाटाचा आवाज रेड्याच्या रहाटापेक्षा गोड होता, हलका, तालात. कुणी भरून ठेवला असता तर तू आज तो लावून झोपली असतीस. ऐकताना पाय कोणाचे ते विचारायचं. हेच कानाचं काम, दुसरं काय!

माझ्या आईचं जातं माजघरात होतं. नाचणी असो, तांदूळ असो, पहाटे दळायची. खुंट्याला हात, खाली घरघर, वर ओवी. त्या घरघरीसारखी झोप मला पुढे कुठेच लागली नाही. पण तिच्या ओव्यांची चाल तेवढी मला येते, शब्द येत नाहीत. पहिल्या ओवीलाच मी झोपलेला असायचो. सूर तंतोतंत पेटीवर काढून दाखवतो, आणि त्यावर म्हणायला काही नाही. विचारायला आता कोण आहे? मावशी होती, तीही गेली. ती जागी होती म्हणून मी झोपत होतो, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. त्याबद्दल मला फार बोलायचं नाही.

पण तू मे महिन्यात काय केलंस ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझी आई खोवणीवर बसली होती. एक पाय मुडपलेला, पाटावर बूड, पात्याच्या दातेरी टोकावर नारळाची वाटी फिरवतेय. खर्र, खर्र, मग वाटी जरा वळवायची, परत खर्र. करवंटीपर्यंत आलं की आवाज बदलतो, कोरडा होतो, तेव्हा हात थांबतो. नाहीतर खोबऱ्यात तपकिरी येतं आणि सोलकढीचा रंग जातो. तुझी आई खाली बघत नाही, कानाने खोवते. आणि तू मोबाइल धरून समोर उकिडवी बसली होतीस. वाटेत रस्त्यावरून मोटरसायकल गेली. तू म्हणालीस, ‘आई, परत एकदा खोव ना, गाडीचा आवाज आला.’ आणि त्या माउलीने दुसरा नारळ फोडला! गरज नसताना! माझ्या हातात चहाची बशी होती म्हणून, नाहीतर बोललो असतो.

पोरी, तू तिला म्हणायला हवं होतंस, सरक, मी खोवते. करवंटीचा तो कोरडा आवाज तुझ्या हाताने तुला कळला असता. मग हिंजवडीत मिक्सरमध्ये खोबरं फिरवतानासुद्धा तुझ्या कानाला तो ठाऊक राहिला असता. मोबाइलवर भरून घ्यायला माझी ना नाही. भरून घे. पण आधी काम, मग भरणं. आणि मोटरसायकल राहू दे की त्यात! पाववाला होता तो, रोज त्याच वेळी जातो.

माझ्या धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे हे नुसतं म्हाताऱ्याचं कुरकुरणं वाटणार नाही. पेटीत एका पट्टीला दोन सूर असले की दोघांना एका उंचीवर आणावं लागतं. थोडा फरक राहिला की आवाज हेलकावतो, ओंव, ओंव, ओंव. एकाची कंपनं सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली तर सेकंदाला दोन हेलकावे. सूर चढवायचा तर पितळी पत्तीचं टोक खरवडायचं, उतरवायचा तर मुळाशी, जिथे ती ठोकून बसवलेली असते. खाली पातळ पत्रा सरकवून, नाहीतर पत्ती वाकते आणि गुजरातेतल्या पालीताण्याचा चांगला सूर फुकट जातो. खरवड, फुंकर मार, बसव, वाजव, ऐक. हेलकावा लांबत जातो. ओंऽव, ओंऽऽव. मग कुठेतरी विरतो आणि दोन्ही सूर एक होतात. त्या वेळी मला कुणी हाक मारली तर ऐकू जात नाही. डोक्यात काही नसतं. रक्तदाब नसतो, मुलाचं कर्ज नसतं, गेलेली माणसं नसतात. तू ज्याला शांती म्हणतेस ती हीच असेल तर ती मला रोज मिळते, आणि मी तिला शोधायला कधी गेलो नाही. मी फक्त तो गंधार शोधत होतो.

नातू म्हणतो, आजोबा, मोबाइलवर काटा दिसतो, काटा मध्ये आला की सूर लागला, कशाला कान फोडता? काटा चुकतो असं माझं म्हणणं नाही. काटा बरोबरच असेल. पण काटा बघायला लागलो की कान सुट्टीवर जातो, आणि एकदा सुट्टीवर गेलेला कान परत कामावर येत नाही. म्हणून मी काटा लावत नाही. सगळे म्हणतात तात्या हेकट आहे. असू दे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनेही पेटीला बंदी घातली होती. गावातल्या भजनांनी कुणाला विचारलं का? पेटी वाजतच राहिली. हट्टाशिवाय काही टिकत नाही.

ऐन तिशीत मला गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानातून बोलावणं होतं. पगार, राहायला खोली. गेलो नाही. त्याबद्दल घरात काय काय ऐकून घेतलं ते मलाच ठाऊक. तुझी काकी गिरगावातलीच, चाळीत वाढलेली. तिला जायचं होतं. इथे आली तेव्हा रात्र रात्र जागी असायची. म्हणायची, इथे काही ऐकूच येत नाही, भीती वाटते. मला हसू यायचं. बाहेर गाज, रातकिडे, बेडूक, माडाचा झाप पडल्याचा आवाज, आणि हिला काही ऐकू येत नाही! तिला झोप लागायची ती ट्रामच्या खडखडाटात, जिन्यावरच्या पावलांत, पहाटे नळाला पाणी आलं की बादल्यांची आदळआपट सुरू व्हायची त्यात. १९६४ च्या मार्चअखेरीस मुंबईतली ट्राम बंद झाली तेव्हा ती शाळेत होती. सांगायची, त्या रात्री चाळीतली म्हातारी माणसं गॅलरीत बसून होती. मी म्हणायचो, खडखडाटाचं कसलं कौतुक! आता कळतं, त्या खडखडाटात तिला वडील कामावरून परत येताना ऐकू यायचे. आमच्या गाजेत तिचं कोणी नव्हतं.

पुढे तिने तिचा आवाज शोधला, मी नाही दिला. रात्री मुक्कामाची एस.टी. येते ना, तिची. वळणावर गिअर बदलल्याचा हुंकार, मग कंडक्टरची एक घंटा, दार आपटल्याचा आवाज, मग इंजिन बंद. ते झालं की म्हणायची, आली बाई, आणि कुशीवर वळायची. गाडी उशिरा आली तर जागी. कोण उतरलं असेल, कुणाकडे पाहुणा आला असेल, चपलांच्या आवाजावरून सांगायची. बहुतेक वेळा बरोबर. मी गेलो नाही ते बरोबरच केलं, मुंबईत माझा कान राहिला नसता. पण तिलाही एकदा विचारायला हरकत नव्हती. असो. हे पत्र तुझ्यासाठी आहे.

तू विचारशील, आवाज बदलत चाललेत त्याचं काय? बदलणारच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, आणि इकडे दापोलीत केळशी-आंजर्ल्यापर्यंत वाड्या झोपल्या. पाऊस सरल्यावर एका भजनी मंडळाची भिजलेली पेटी बघायला मी आंजर्ल्याला गेलो होतो. तिथे वारा होता पण वाऱ्याचा आवाज नव्हता, कारण वाजायला झापच नव्हते. माड आडवे, पोफळी मोडलेल्या, आणि झाडं कापायच्या यंत्राची किंचाळी. ज्यांची पेटी होती ते गृहस्थ म्हणाले, तात्या, या वाडीतून पूर्वी गाज गाळून यायची, आता सरळ अंगावर येते. तो माणूस रडला नाही. कुठलं रोप लावलं तर किती वर्षांनी वारा अडेल, याचा हिशेब करत होता. माड धरायला सहा-सात वर्षं, पोफळीलाही तेवढीच. कान कामावर होता त्याचा.

वेलदूरला जाऊन कोळणींना विचार. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, खाडीत इंजिनाचा आवाज नाही. पर्यटक म्हणतात, किती शांत! तिथली एक मावशी मला म्हणाली, ही शांतता मेली खायला उठते. ऑगस्टात पहिली होडी निघाली, टक टक टक टक सुरू झालं, की जीव थाऱ्यावर येतो. आणि ती नुसत्या इंजिनाच्या टकटकीवरून आपल्या मुलाची होडी ओळखते. पंचवीस होड्यांत! तिच्या शेजारी झोप तू एक रात्र, म्हणजे तुला कळेल कान कामाला लावणं म्हणजे काय.

आता तुझ्या चौदाव्या मजल्याचं. नोकरी सोडून गावी ये, असं मी सांगेन असं तुला वाटत असेल तर विसर. इथे येऊन करशील काय? हॉटेलातला रहाट ऐकत बसशील. तुझी खोली जिथे आहे तिथलाच आवाज धर. तूच लिहिलंयस, पहाटे खाली कोणी तरी अंगण झाडतं, त्या खर्र-खर्रने उरलीसुरली झोप मोडते, म्हणून तू लाटा मोठ्या करतेस. अगं, तो खराटा आहे! हिरांचा खराटा. माडाच्या झापाचे हीर काढून बांधलेला. तुझ्या आजीने परसात बसून किती बांधले असतील. तो आवाज ओळखीचा असून तू त्याच्यावर दुसऱ्याच कुठल्या समुद्राची लाट ओततेस?

उद्या लाटा बंद कर. पडल्या पडल्या ऐक, झाडणारी बाई आधी कुठून सुरू करते. फरशीवरचा खराटा आणि मातीवरचा खराटा वेगळा बोलतो. पाऊस पडून गेला असेल तर ओला पाला जड ओढला जातो, कोरडा असेल तर पळतो. थांबते कुठे? वाकलेली कंबर सरळ करायला थांबत असेल. खाली उतर एकदा आणि नाव विचार. कुठून येते, किती वाजता निघते, ते विचार. मग तिचा खराटा ऐकलास की तुला कळेल आज तीच आहे की बदली आहे. ती यायच्या आत जाग आली तर वाट बघ. ती आली नाही तर तुला चुकल्यासारखं वाटेल, आणि त्या दिवशी मला लिही.

झोपेच्या गोळ्यांचं मला विचारू नकोस, डॉक्टरला विचार. ते माझं क्षेत्र नाही. आणि महिना दोन महिने हे सगळं करूनही झोप आली नाही तर डॉक्टरकडे जाच, तात्याचं नाव पुढे करू नकोस.

श्रावण चालू आहे, माझ्याकडे पेट्यांची रास लागली आहे. दमट हवेने पट्ट्या फुगून अडकतात, झुरळं आतलं बनातीचं लोकरी कापड खातात, आणि सगळ्यांना गणपतीच्या आत पेटी हवी असते. जाखडीवाले, भजनवाले, सगळे एकदम. तुझ्या आजोबांची पेटीही उघडली. भाता नवीन केला. सूर चांगले आहेत, जुन्या काळचे, त्यांना मी कुणाला हात लावू देणार नाही. एक सोडून. वरच्या सप्तकातला गंधार हेलकावतोय, सेकंदाला एखादा हेलकावा असेल. तो मी मुद्दाम तसाच ठेवलाय. तो तू लावायचास. मी शेजारी बसेन, बोलणार नाही. बोललो तर रागावू नकोस.

गणपतीच्या आधी निदान तीन दिवस ये. आदल्या दिवशी आलीस तर मला वेळ नसेल, आणि चिपळूणहून गाडीत उभं राहायला जागा मिळणार नाही ते वेगळंच. येताना पुण्याहून एक बारीक कानस आण, घड्याळवाले वापरतात तसली. इथे मिळते ती जाड असते, तिने पत्ती मरते.

तुझा,
तात्या